न पाठवलेल्या पत्रांचा उन्हाळा

नगरच्या किल्ल्यात कैदेत असलेला एक माणूस पहाटे उठायचा, चहा करायचा आणि लिहायला बसायचा. त्या कागदांमध्ये चहा आहे, चिमण्या आहेत, फुलं आहेत आणि एक न भरून येणारं दुःखही आहे. सुट्टी हातातून निसटतेय असं वाटणाऱ्या प्रत्येकानं मौलाना आझादांचा हा उन्हाळा एकदा बघावा.

पेपर संपले. व्हायवा झाली, सबमिशनच्या रांगा संपल्या. आता दीड-दोन महिने तुमचे. पहिले चार दिवस मनसोक्त झोपायचं, मग कुठं तरी जायचा प्लॅन करायचा, तो फिसकटला की मोबाईल हातात घ्यायचा. अकराला डोळे उघडतात, जेवण, दुपारी बाहेर रणरणतं ऊन म्हणून घरातच, संध्याकाळी कट्टा, रात्री दोनपर्यंत रील्स. मग एक दिवस पाऊस पडतो, कॉलेजचा मेसेज येतो आणि आपण एकमेकांना विचारतो, अरे, सुट्टी गेली कुठं?

गेली कुठंच नाही. दिवस तितकेच होते. फक्त एकही दिवस दुसऱ्यापेक्षा वेगळा आठवत नाही.

यावर हल्ली एक उपाय सगळीकडे सांगितला जातो, जर्नलिंग. आपल्याकडे जर्नल म्हटलं की आधी आठवते ती सरांची सही आणि तारखा मागे टाकून एका रात्रीत उतरवलेली प्रॅक्टिकल्स. त्यामुळं स्वतःच्या मनानं, कुणी न सांगता, दिवसाबद्दल काही लिहायचं म्हटलं की आपण बिचकतो. काय लिहू? माझ्या दिवसात असं घडतंच काय?

मग अशा एका माणसाकडे जाऊ या, ज्याच्या दिवसात खरंच काही घडत नव्हतं. घडू नये म्हणूनच त्याला तिथं ठेवलं होतं. जागा लांबची नाही. आपला नगरचा भुईकोट किल्ला.

सहावी कैद

मौलाना अबुल कलाम आझाद हे नाव तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. पहिले शिक्षणमंत्री, टोकदार दाढी, उंच टोपी. एका मार्काचं उत्तर. पण त्या फोटोच्या मागे एक भलताच मजेशीर, हट्टी आणि हळवा माणूस आहे.

जन्म ११ नोव्हेंबर १८८८, मक्केत. आई अरब घराण्यातली, वडील हिंदुस्थानी विद्वान. कुटुंब पुढे कलकत्त्याला आलं. वडील जुन्या वळणाचे, त्यामुळं शाळा नाही, कॉलेज नाही. सगळं शिक्षण घरी. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित असं सगळं वयाच्या मानानं फार लवकर संपवलं. १९०३ मध्ये, म्हणजे तुम्ही दहावीत असता त्या वयात, या मुलानं स्वतःचं मासिक काढलं होतं. मासिकातले लेख वाचून त्यांना भेटायला उत्सुक असलेल्या बुजुर्गांना, समोरचा पोरगा हा संपादकाचा मुलगा असावा असं वाटायचं, असा किस्सा सांगतात.

१९१२ मध्ये कलकत्त्याहून त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक सुरू केलं. हिंदू-मुसलमानांनी मिळून इंग्रजांविरुद्ध उभं राहावं, हा त्याचा सूर. सरकारला तो झोंबला. अनामत रक्कम जप्त झाली, अंक बंद पडला. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार केलं गेलं आणि रांचीत त्यांना नजरकैदेत ठेवलं. तिथून तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. १९२३ मध्ये, ३५ व्या वर्षी, ते काँग्रेसच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. त्या बैठकीचे अध्यक्ष आझादच. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिस दारात हजर. सगळ्या मोठ्या नेत्यांना एका खास गाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बाकीचे लोक पुढे आले थेट नगरला. स्टेशनवरून मोटारीनं किल्ल्यात. दार बंद.

आत एकूण १२ जण. आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. बाहेर देश पेटलेला, आणि हे सगळे एका चौकाभोवतीच्या खोल्यांमध्ये. आझादांकडे एक छोटा रेडिओ होता, तो काढून घेतला. सुरुवातीला वर्तमानपत्रही नाही. सुटका कधी, हे कुणालाच माहीत नाही.

ही आझादांची सहावी कैद. तेव्हा त्यांचं वय ५३. बसल्या बसल्या त्यांनी हिशेब मांडला की, आतापर्यंत आपण सगळी मिळून सात वर्षं आणि आठ महिने कैदेत काढलेत. म्हणजे आयुष्याचा साधारण सातवा हिस्सा. मग त्यांना आठवलं, की जुन्या धर्मग्रंथात सहा दिवस काम आणि सातवा दिवस विश्रांतीचा सांगितला आहे. चला, आपल्याही वाट्याला सातवा दिवस आला म्हणायचा! इंग्रज सरकारनं सक्तीनं दिलेली सुट्टी.

पहाट, चहा आणि कागद

सक्तीच्या सुट्टीत दिवस कसा काढायचा? आझादांकडे त्याचं उत्तर तयार होतं, कारण ती त्यांची जुनी सवय होती. रात्री लवकर झोपायचं आणि पहाटे तीन-चारला उठायचं. सगळे गाढ झोपेत असताना स्वतः चहा करायचा.

हा चहा म्हणजे आपला कोपऱ्यावरचा अमृततुल्य नव्हे बरं का. चीनमधून येणारा, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांच्या वासाचा चहा, दुधाशिवाय. दूध घातलं की तो चहा राहतच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पानं कुठली, रंग कसा, साखर कशी हवी, पेला कुठला. एक घोट, मग सिगारेटचा एक झुरका, मग पुन्हा घोट. घाई नाही. (सिगारेटचं सोडून द्या, बाकीचं घ्या.)

आपण हसतो. देशात एवढं रण माजलेलं आणि काँग्रेसचा अध्यक्ष चहावर निबंध लिहितोय! पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. बोलायचं स्वातंत्र्य नाही, कुठं जायचं स्वातंत्र्य नाही, कुणाला भेटायचं नाही. उरतं काय? एक पेला चहा आणि तो नीट पिण्याचं स्वातंत्र्य. ते त्यांनी सोडलं नाही.

आणि चहाबरोबर कागद. किल्ल्यात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते लिहायला बसले. लिहिली ती पत्रं. कुणाला? मौलाना हबीबुर रहमान खाँ शेरवानी या जुन्या स्नेह्याला. राजकारणातला माणूस नव्हे. ग्रंथांचा, कवितेचा, गप्पांचा दोस्त. पण गंमत अशी, की कैदेतून त्यांना पत्र पाठवायची मुभा नव्हती. ही पत्रं जाणार नाहीत, हे लिहिणाऱ्याला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. तरी प्रत्येक वेळी नमस्कार, तारीख, आणि मग समोर मित्र बसलाय अशा गप्पा. लिहून झालं की कागद जपून ठेवायचा.

म्हणजे नाव पत्राचं, काम रोजनिशीचं. फरक एवढाच, की रोजनिशी आपण स्वतःशी लिहितो आणि स्वतःला आपण फार लवकर कंटाळतो. आज काही झालं नाही, असं स्वतःला सांगता येतं. मित्राला तसं सांगता येत नाही. त्याच्यासाठी काही तरी शोधावं लागतं. त्या शोधण्यातच दिवस नीट दिसायला लागतो.

पहिल्याच दिवसांत त्यांनी काय शोधलं? तर आपण कुठं आलोय ते. हे शहर वसवणारा मलिक अहमद, किल्ला लढवणारी चांदबीबी, अकबराचा सरदार अब्दुर्रहीम खानखाना, सगळा इतिहास त्यांनी आठवून लिहून काढला. पुण्याहून आलेल्या जेलरला तर त्यांनी निजामशाहीच्या इतिहासातलं नावच देऊन टाकलं, चीता खान. सगळे कैदी त्याला त्याच नावानं ओळखू लागले. आपण नगरमध्ये राहून किल्ल्यावरून कितीदा जातो आणि यातलं किती आपल्याला आठवतं, हा प्रश्न इथं येतोच.

चिमण्यांशी लढाई

मार्च १९४३. थंडी सरली होती. आझादांना खरं म्हणजे हिवाळा जीव की प्राण. शेकोटी, बोचरी हवा आणि गरम चहा, हे त्यांचं सुख. नगरची थंडी त्यांना पुरेशी कडाक्याची वाटली नव्हती आणि आता तर ऊन तापायला लागलेलं. आवडता ऋतू गेला आणि नावडता आला. अशा वेळी आपण काय करतो? वैतागतो. त्यांनी चिमण्यांकडे बघितलं.

बघितलं म्हणजे आधी भांडले. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या, कचरा, गवत खाली. टेबलावर, कागदांवर, डोक्यावर. चिवचिवाट वेगळाच. मौलानांनी युद्ध पुकारलं. छत्री घेऊन झाली, मग लांब बांबू आणला. चिमण्या भुर्र उडायच्या आणि पाठ वळली की परत हजर. ब्रिटिश साम्राज्यासमोर न झुकलेला माणूस चिमण्यांसमोर हरला आणि आपली हार त्यानं मोठ्या थाटात, एखाद्या लढाईची बखर लिहावी तशी लिहून काढली.

मग तह झाला. त्यांनी दाणे टाकायला सुरुवात केली. आधी लांब, मग जरा जवळ, मग अगदी जवळ. चिमण्या आधी शंकेनं बघायच्या, मान वाकडी करून अंदाज घ्यायच्या, एखादी धीट पुढं यायची. किती दिवस हा माणूस नुसता बसून होता, हालचाल न करता! शेवटी चिमण्या त्यांच्या हातावरचे दाणे खाऊ लागल्या. तोवर ‘चिमण्या’ या शब्दात सगळ्या सारख्याच होत्या. आता त्यांतला एकेक पक्षी वेगळा दिसायला लागला. एक कलंदर झाला, एक मोती झाली. प्रत्येकीचा स्वभाव त्यांनी टिपला.

आणि एक दिवस घरट्यातलं पिल्लू. पंख आहेत, पण उडता येत नाही, आई पुन्हा पुन्हा खुणावते आणि पिल्लू अंग चोरून बसतं. मग एका क्षणी, कुणी ढकललं नाही की उचललं नाही, ते उडालं. आतलं काही तरी जागं झालं आणि बाहेरचं आकाश आपलं झालं. हे बघून आझाद कितीतरी वेळ विचार करत राहिले. बंद किल्ल्यातल्या माणसाला ते पिल्लू काय सांगून गेलं असेल, ते तुम्हीच समजा.

किल्ल्याच्या त्या चौकात दुसरीही एक गोष्ट घडत होती. चौक उजाड, ओसाड. नेहरूंनी सुचवलं, बाग करू या. पुण्याहून बी मागवलं. जमीन कसली, जुन्या बांधकामाचा राडारोडा आणि दगडच जास्त. पण देशाचे नेते वाफे खणू लागले, त्यात नेहरू सगळ्यांच्या पुढे, तेही भर उन्हात. तीस-चाळीस प्रकारचं बी लावलं. रोज पाणी घालायचं, तण काढायचं, आणि मग वाट बघायची. कोंब आला की सगळे बघायला. पहिलं फूल उमललं तेव्हा त्या चौकाचं रूपच पालटलं. बाहेर ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, ते लोक आता एक पान कधी फुटतं याची वाट बघत होते.

हळूहळू प्रत्येक खोलीत काही ना काही लिहिलं जाऊ लागलं. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानावरच्या अवघड ग्रंथात बुडाले. पट्टाभींची वही सुरू होती. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, लिहायला घेतलं आणि पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ पूर्ण केलं. त्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण नगरच्या किल्ल्याबद्दल आहे. हे पुस्तक जगभर गेलं. पण आपला विषय आहे त्याच्या आधीचा उन्हाळा.

१९४३ चा एप्रिल

चिमण्यांची पत्रं लिहून आठवडा होतो न होतो, तोच कलकत्त्याहून बातमी आली. पत्नी झुलेखा बेगम गंभीर आजारी.

त्या आधीपासूनच आजारी होत्या. हवापालटासाठी रांचीला जाऊन आल्या होत्या. ३ ऑगस्ट १९४२ ला आझाद मुंबईच्या बैठकीला निघाले, तेव्हा नेहमीप्रमाणे दारापर्यंत निरोप द्यायला आल्या. दहा-बारा दिवसांत येतो, असं सांगून ते निघाले. ती शेवटची भेट. चेहऱ्यावरून त्यांना काही तरी कळलं होतं का, याचा विचार आझाद नंतर करत राहिले.

आता नगरच्या किल्ल्यात रोज दुपारी वर्तमानपत्र यायचं. त्यात काय असेल, या धास्तीत सकाळ जायची. जेल सुपरिंटेंडेंटनं सांगितलं, सरकारला काही विनंती करायची असेल तर लगेच पाठवतो. नेहरूंनीही येऊन विषय काढला. आझादांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढतोय, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही. बरोबर की चूक, हे आपण ठरवायचं कारण नाही. पण त्या नकाराची किंमत काय होती, हे त्यांनी लपवलं नाही, आणि म्हणूनच ते पत्र आजही वाचणाऱ्याला हलवतं.

वेळापत्रक त्यांनी मोडलं नाही. त्याच वेळी उठणं, त्याच वेळी जेवायला सगळ्यांबरोबर बसणं. पेपर घेऊन येणाऱ्या पावलांचा आवाज आला की काळीज धडधडायचं, पण मान वर करायची नाही. टेबलावर ठेवा, अशी नुसती खूण करायची, हातातलं लिखाण चालू ठेवायचं आणि मग नेहमीच्या संथपणानं पेपर उचलायचा. हे सगळं ढोंग होतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बाहेरून आपण खंबीर दिसावं, या हट्टाचं ढोंग. एवढा मोठा नेता, आणि मित्राला सांगतो की मी शांत नव्हतो, शांत असल्याचं दाखवत होतो.

९ एप्रिल १९४३ ला झुलेखा बेगम गेल्या. ३६ वर्षांचा संसार संपला. त्यातली किती तरी वर्षं नवरा तुरुंगात किंवा दौऱ्यावर, आणि घर सांभाळत राहिलेली बाई. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. कुणाची, कुणाला माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. त्या संध्याकाळी आझादांना ती पहिल्यांदाच आपल्या ओळखीची वाटली.

दोन दिवसांनी, ११ एप्रिलला, त्यांनी पुन्हा कागद ओढला आणि हे सगळं मित्राला लिहिलं.

इथं जरा थांबा. चहाबद्दल, चिमण्यांबद्दल महिनोन् महिने बारकाईनं लिहिलेल्या हातानंच हे पत्र लिहिलंय. पावलांचा आवाज, पेपर ठेवायची जागा, दारातला शेवटचा निरोप, अनोळखी कबर. लहान गोष्टी नीट बघायची सवय होती म्हणून त्यांना एवढी मोठी गोष्ट कागदावर धरता आली. नाही तर माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर खूप दुःख झालं असं एका वाक्यात लिहून मोकळा होतो, किंवा वहीच बंद करून टाकतो.

जर्नलिंगबद्दल आपल्याला जे विकलं जातं, त्यात हा भाग नसतो. सुंदर वही, रंगीत पेनं, कॉफीचा मग, खिडकीतलं ऊन. सगळं छान छान. पण संथपणे जगायचं म्हणजे फक्त गोड गोष्टींची चव घ्यायची असं होत नाही. नीट बघायला लागलं की सगळंच नीट दिसतं. सुट्टीत घरी आल्यावर आजोबांचा हात आता थरथरतो, हे दिसतं. बाबा पाण्याच्या टँकरची वाट बघत किती वेळ उभे असतात, हे दिसतं. आई दुपारी सगळे झोपल्यावर एकटी वाळवणं उलथवत गच्चीवर असते, हेही दिसतं. मोबाईलमधून मान वर केली नाही, तर यातलं काही त्रास देत नाही. आणि यातलं काही आठवतही नाही.

पुन्हा एक एप्रिल

काही महिन्यांनी आझादांनी संगीतावर एक लांबलचक पत्र लिहिलं. या दाढीवाल्या मौलवीनं तरुणपणी सतार शिकली होती, हे कुणाला खरं वाटेल? घराण्याची शिस्त कडक, त्यामुळं हे सगळं गुपचूप. आग्र्याला गेले असताना रात्री सतार घेऊन ते ताजमहालाजवळ जायचे. एप्रिलमधलीच रात्र, मावळतीला आलेला चंद्र, यमुना, पांढरे मिनार आणि सतारीच्या तारा. आपण वाजवतोय आणि समोरची इमारत ऐकतेय, असं त्या पोराला वाटायचं.

तीन-साडेतीन दशकांपूर्वीची ती रात्र त्यांनी किल्ल्यातल्या खोलीत बसून पुन्हा उभी केली. ज्या एप्रिलनं सगळं नेलं, त्याच वर्षात त्यांना दुसरा एक एप्रिल आठवला. स्मरणात अशी एक रात्र जपलेली असली, की ती कुठल्याही कोठडीत सोबतीला येते. मात्र ती जपलेली असायला हवी. तेव्हा त्या पोरानं चंद्राकडे खरंच बघितलेलं होतं.

नगरमध्ये आझादांनी दोन पूर्ण उन्हाळे काढले. १९४५ मध्ये त्यांना बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवलं आणि १५ जून १९४५ ला सोडलं. तब्येत पार ढासळली होती, वजन ४० पौंडांहून जास्त घटलं होतं. मधल्या काळात बहीणही गेली होती. कलकत्त्यात स्वागताला तुडुंब गर्दी, हारच हार. पण घरी जायच्या आधी त्यांनी गाडी कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. गाडीत राहिलेला एक हार झुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला, प्रार्थना केली आणि मग रिकाम्या घरी गेले.

ती पत्रं १९४६ मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली. नाव ‘गुबार-ए-खातिर’, म्हणजे मनातली धूळ. उर्दू गद्यातलं ते एक अव्वल पुस्तक मानलं जातं. त्यानंतर देश स्वतंत्र झाला आणि आझाद ११ वर्षं शिक्षणमंत्री राहिले. आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी यांची सुरुवात त्यांच्याच काळातली. २२ फेब्रुवारी १९५८ ला ते गेले. ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आज राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी काय केलं, ते परीक्षेला येतं. चिमण्यांचं मात्र कधीच येणार नाही, म्हणून इथं सांगितलं.

तुमच्या वहीसाठी

आझादांकडून या सुट्टीत काय उचलता येईल? फार काही नाही, चार-पाच गोष्टी.

● वेळ ठरवा, पानं नको. पहाटे चारला उठा असं कोण म्हणतंय? पण ऊन चढायच्या आत किंवा रात्री गच्चीवर हवा सुटल्यावर, जी वेळ तुमची असेल ती धरून ठेवा. दहा मिनिटं पुष्कळ झाली. फोन तेवढा दुसऱ्या खोलीत.

● कुणाला तरी लिहा. प्रिय अमुक, असं लिहून सुरुवात करा. शाळेतली मैत्रीण, गावाकडची आत्या, आता नसलेले आजोबा. पाठवायचं नाही. त्यामुळं लाइकची काळजी नाही आणि खोटं लिहायची गरज नाही.

● एकच गोष्ट घ्या. आज दिवसभरात काय झालं, हे नको. माठातल्या पाण्याचा वास, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, कडुलिंबाचा मोहर, खिडकीत येणारी एकच चिमणी. एका गोष्टीवर पाच ओळी. सहावी ओळ आपोआप येते.

● नावडतंही लिहा. उकाडा, गेलेली लाइट, लागलेली केटी, घरातली कटकट. आझादांनी चिमण्यांवरचा राग आधी लिहिला, दोस्ती नंतर झाली.

● अवघड दिवशी वही मिटू नका. लगेच नाही जमलं तर दोन दिवसांनी लिहा. त्यांनीही दोन दिवसांनीच लिहिलं.

आणि नगरमध्ये असाल किंवा कधी आलात, तर किल्ल्याकडे एक चक्कर टाका. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा आत जायची परवानगी आहे का, ते आधी विचारून घ्या. नेत्यांना ठेवलेल्या खोल्या तिथं स्मारक म्हणून जपल्यात. आत नाही जाता आलं, तरी खंदकाच्या कडेनं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर चालता येतं. त्या भिंतींच्या आत एक माणूस चिमणी हातावर यावी म्हणून किती वेळ न हलता बसला होता, ते आठवा. मग घरी येऊन वहीत तारीख घाला आणि जे दिसलं ते कुणाला तरी सांगा.